दोन हजार वाचवायचेत? मग साठ हजार काढा

नवी गाडी आली, पुढे लिंबू-मिरची लटकली, पेढे वाटून झाले. आता धुळ्याहून जळगावला निघालात की काटा शंभराच्या पुढे गेल्याशिवाय तुमचा पाय काही वर येत नाही. साहजिक आहे. वर्षानुवर्षं पारोळा-एरंडोलच्या खड्ड्यांत कंबर मोडून घेतलेल्या माणसाला चौपदरी रस्ता मिळाल्यावर जुनी वसुली करावीशी वाटणारच. अडचण एवढीच की दोन-चार दिवसांनी मोबाइलवर ई-चलन येतं आणि ते नेमकं घरच्यांच्या हाती लागतं. म्हणजे तुम्हाला रडार डिटेक्टरच हवा, पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची चाहूल लागली की आधीच ओरडणारा. तो कसा निवडावा, कुठे लावावा आणि खान्देशात त्याचा काय काय उपयोग होतो, हे नीट समजून घ्या.

आधी पैशांचं बोलू. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून कलम १८३ खाली अतिवेगाबद्दल हलक्या मोटारीला एक ते दोन हजार रुपये दंड आहे. अमेरिकेत नावाजलेला डिटेक्टर चारशे ते आठशे डॉलरला पडतो. सातशेचा धरला तर साठ हजारांच्या आसपास, वर कस्टम वेगळं. म्हणजे यंत्राने तुमचे तीस दंड वाचवले की ते फुकटात पडलं. मात्र त्यासाठी तुम्ही तीस वेळा पोलिसांसमोरून सुसाट जायला हवं, तेव्हा आळस करू नका. याच कलमात दुसऱ्यांदा सापडल्यास लायसन्स जप्त करायची तरतूद आहे, त्यामुळे एखाद्या वेळी यंत्र चुकलं तर वसुली अर्धवट राहू शकते. धंदा म्हटला की जोखीम आलीच.

दोन-चार हजारांत ऑनलाइन मिळणारा ‘सोळा बँड (म्हणजे लहरींचे पट्टे), ३६० अंश’ वाला डबा घेऊ नका. पोलिसांचं रडार मुळात तीनच पट्ट्यांत येतं: १०.५ गिगाहर्ट्झचा एक्स, २४ चा के आणि ३३.४ ते ३६ चा केए. युरोपात काही ठिकाणी चौथा एक होता. उरलेले बारा बँड खोक्यावर छापण्यापुरते. शिवाय या डब्यांतले बरेचसे इंग्रजीत आणि रशियनमध्ये बोलतात. मुक्ताईनगरच्या आसपास गाडी अचानक रशियनमध्ये ओरडली तर मागे बसलेल्या सासूबाईंना काय सांगणार?

चांगलं यंत्र अमेरिकेतल्या भाच्याला आणायला सांगा. तो न्यू जर्सीत असला तर ठीक, व्हर्जिनियात असला तर बिचाऱ्याला स्वतःच्या गाडीतही हे लावायला बंदी आहे. खोकं उघडलं की आत हॉर्न अँटेना (कर्ण्यासारखा, लहर गोळा करणारा) आणि सुपरहेटरोडाइन रिसीव्हर (क्षीण सिग्नलही ओळखणारा) निघेल. १९७८ मध्ये सिनसिनाटीच्या दोन इंजिनिअरांनी हीच जोडी ‘एस्कॉर्ट’ नावाच्या डिटेक्टरमध्ये घातली आणि त्याआधीचे डबे मागे पडले. महागाच्या यंत्रात एक अँटेना पुढे आणि एक मागे असतो, त्यामुळे सिग्नल कुठून आला ते बाणाने कळतं. जीपीएस असलं तर तेच ते खोटे सिग्नल जागेसकट लक्षात ठेवून यंत्र तिथे गप्प बसायला शिकतं. सिग्नलवरच्या आणि वेगाच्या कॅमेऱ्यांची तयार यादीही आत भरलेली असते, पण ती अमेरिका-कॅनडाची. शिकागोचा चौक त्याला पाठ, अमळनेरचा नाही. तुम्ही अमळनेरला जाताय, हा दोष तुमचाच.

आता हे चालतं कसं ते बघा, कारण इथे विज्ञान खरोखर सुंदर आहे. रडार गन रेडिओ लहर सोडते, ती तुमच्या गाडीवर आपटून परतते आणि परतताना तिची वारंवारता थोडी वाढलेली असते. २४.१५ गिगाहर्ट्झच्या गनमध्ये ताशी एका किलोमीटरला साधारण ४५ हर्ट्झ, म्हणजे शंभरच्या वेगाला साडेचार हजार हर्ट्झच्या आसपास फरक पडतो. गनला लहर जाऊन परत यावी लागते, तुमच्या यंत्राला ती नुसती एका बाजूने येऊन पोचली तरी पुरे. म्हणून मोकळ्या माळावर डिटेक्टर गनच्या कितीतरी आधी ओरडतो. टेक्सासच्या सरळ रस्त्यांवर एखाद-दोन मैल आधी सूचना मिळते ती यामुळेच. आपलाही रस्ता सरळ, तापीकाठचा मुलूख सपाट, ऊनही तसंच. फक्त पोलिसांच्या हातात रडार गन हवी.

इथे थोडी गडबड आहे. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर, म्हणजे वेग पकडायला उभ्या असलेल्या गाड्यांत लेसर गन असते. तिचा किरण अवरक्त, ९०४ नॅनोमीटरच्या आसपासचा. तो फार पसरत नाही, तीनशे मीटरवर जेमतेम ९० सेंटीमीटर रुंद होतो. पोलीस तो धरतात तुमच्या नंबर प्लेटवर किंवा हेडलाइटवर, कारण तिथून परतावा चांगला मिळतो. यंत्र तुम्ही लावलंय वर काचेला. म्हणजे बऱ्याचदा किरण यंत्राला शिवतही नाही. शिवला, तर यंत्र जिवाच्या आकांताने बोंबलतं, हे मान्य करायला हवं. पण गनला वेग मोजायला अर्धा सेकंदही लागत नाही आणि शंभरच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला ब्रेकवर पाय न्यायलाच एक सेकंद लागतो. वरातीमागून घोडं निघालं खरं, पण साठ हजारांचं आहे आणि आवाज खणखणीत आहे. दंड नेमका कोणत्या क्षणी लागला हे तुम्हाला कळतं, ही सोय ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांना नसते.

यावर लेसर जॅमर सुचवणारा एखादा मित्र भेटेलच. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पोलिसांचं उपकरण निकामी करायचा डबा गाडीला लावून फिरलात तर गोष्ट दोन हजारांच्या दंडावर थांबणार नाही.

राहिले कॅमेरे. नंबर प्लेट वाचणारा कॅमेरा नुसता फोटो काढतो, तो रडारची लहर सोडत नाही. दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर भागिले लागलेला वेळ, असा सरासरी वेग काढला तर त्यात पकडण्यासारखी लहरच नसते, चौथीचं गणित असतं. काही खांबांवर खरोखर २४ गिगाहर्ट्झचं रडार असतं, पण ते कमी ताकदीचं आणि तिरपं रोखलेलं, त्यामुळे यंत्राला ते अगदी जवळ गेल्यावर लागतं. बरं, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७अ हा नियम म्हणतो की अशा कॅमेऱ्याच्या आधी ठळक फलक लावला पाहिजे. म्हणजे पुढे कॅमेरा आहे ही बातमी सरकारच मोठ्या अक्षरांत आणि फुकट देतं. फोनवरचा नकाशाही बऱ्याच ठिकाणी सांगतो. पण फुकट मिळालेल्या माहितीची किंमत राहत नाही, तेव्हा फलक वाचत बसू नका, यंत्राकडे बघा.

मग यंत्र पकडतं तरी काय? भरपूर पकडतं. शोरूमच्या आणि हॉस्पिटलच्या आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दारांवर बऱ्याचदा याच के पट्ट्यातला सेन्सर असतो. शेजारून जाणाऱ्या महागड्या गाडीत आरशात न दिसणारी गाडी टिपणारं ‘ब्लाइंड स्पॉट’ रडारही पुष्कळदा २४ गिगाहर्ट्झचंच. म्हणजे जळगावात सराफाच्या दुकानासमोर यंत्र ओरडलं तर आत कुणी मंगळसूत्र बघायला गेलं एवढंच समजा. दार उघडायला बंदूकवाला दरबान उभा असेल तर यंत्र शांत राहील. खोटा गजर कमी करायचा तर सेटिंगमध्ये एक्स बंद करा, केए बंद करा, के ला गाळणी लावा आणि शहरात ‘सिटी’ मोडवर ठेवा. एवढं केलंत की यंत्र जवळपास पूर्ण शांत होतं.

बसवताना मात्र हयगय नको. यंत्र काचेच्या वरच्या भागात, आरशाच्या बाजूला, रस्त्याला अगदी समांतर लावा. नाक वर गेलं की आकाश तपासतं, खाली गेलं की बॉनेट. पुढे वायपरचा दांडा येता कामा नये. काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर सिग्नल तिथेच मरतो. डॅशबोर्डवर सप्तशृंगीचा फोटो पितळी फ्रेममध्ये असेल आणि तो यंत्राच्या आड येत असेल तर देवीला हलवू नका, यंत्र हलवा. दोघांपैकी लळिंगच्या उतारावर कोण जास्त कामाला येतं हे तुम्हाला माहीत आहे. वीज बारा व्होल्टच्या सॉकेटमधून घ्या. वायर लोंबायला नको असेल तर फ्यूज बॉक्समधून टॅप काढून दोन अँपिअरचा फ्यूज टाका, आणि तो इग्निशनवर चालणाऱ्या जागी घ्या, नाहीतर यंत्र रात्रभर सोसायटीच्या पार्किंगमधून पोलीस शोधत बसेल आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळेल. काच स्पिरिटने पुसून मगच रबरी कप दाबा. तरी मे महिन्यात भुसावळला गाडी उन्हात लावलीत तर रबर मऊ पडून यंत्र खाली येणारच. उतरताना ते काढून कप्प्यात ठेवा. तसं केलं नाहीत तर पंक्चरवाल्याकडचं पोरगं काचेला नाक लावून विचारेल, “हाई काय शे भो?” आणि त्याला पटेल असं उत्तर तुमच्याकडे नसेल.

खान्देशात याला एक जुना प्रतिस्पर्धी आहे, त्याची खबर ठेवा: समोरून येणाऱ्या ट्रकचा डिपर. दोनदा लुकलुकला की पुढे पोलीस. रेडिओ असो, लेसर असो की पोलीसदादा नुसते झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले असोत, डिपरला सगळं सारखंच. पल्ला किलोमीटरभर, अपडेट लागत नाही, कस्टम लागत नाही. दोष एकच, की याच डिपरचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’, ‘तुझा लाइट डोळ्यात जातोय’ किंवा ‘पुढे रस्त्यावर ढोरं आहेत’ असाही असतो. प्रत्येक अर्थाला ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा लागतो, म्हणून शौकिनांना हे उपकरण पसंत पडत नाही.

ढोरांवरून आठवलं. यंत्र ज्यांच्यापुढे मुकं राहतं त्यांची ओळख आधीच करून घ्या, म्हणजे नंतर यंत्राला बोल लागणार नाही. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) भरलेली ट्रॉली: रुंदी लेनभर, मागचा लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर धुळीखाली. चोपडा-यावल पट्ट्यात केळीची गाडी शेतातून थेट रस्त्यावर येते आणि तिच्यापाठोपाठ चिखल. रात्री हायवेवर उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल, तिघं बसलेले, दिवा बंद, कारण पुढचा दुभाजक फोडलेला कट दोन किलोमीटरवर आहे. गावाजवळ रातोरात उगवलेला, पांढरा पट्टा नसलेला स्पीडब्रेकर. कोंडाईबारीच्या वळणावर बंद पडलेला ट्रक आणि त्यामागे धोक्याची खूण म्हणून ठेवलेले चार दगड. यांपैकी कुणीही २४ गिगाहर्ट्झवर बोलत नाही. कुणी पावतीही फाडत नाही, म्हणून ही मंडळी धोक्यात धरायची नसतात.

तरी गंमत म्हणून एक आकडेमोड. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि एका सेकंदात जागा होणारा ड्रायव्हर धरला तर शंभरच्या वेगाला गाडी थांबायला सुमारे ८५ मीटर लागतात. एकशेवीसला सुमारे ११५. शंभरवाली गाडी जिथे उभी राहिली, तिथे एकशेवीसवाली अजून सत्तरच्या वेगाने पळतेय. लो बीममध्ये तुम्हाला पुढचे पन्नास-साठ मीटर दिसतात, आणि पऱ्हाट्यांची ट्रॉली त्यानंतर. धुळे ते जळगाव नव्वद किलोमीटर धरले तर शंभरऐवजी एकशेवीसने गेल्यावर नऊ मिनिटं वाचतात, तीही मधे कुठे न थांबल्यास. एरंडोलला चहा घेतलात की गेली. चहा न घेता जळगावात पोचलात तर पहिल्या सिग्नलला गेली.

शेवटचं काम बसवणाऱ्या मेकॅनिकशी बोलायचं. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या मोटारींत वेगाचा इशारा सक्तीचा आहे: ऐंशीच्या वर गेलं की अधूनमधून टिंग, एकशेवीसच्या वर सलग. ही घंटी कंपनीतूनच येते, बँड बघत नाही, लेसर बघत नाही, कधी खोटं बोलत नाही आणि तिचा वेगळा पैसा पडत नाही. तिच्यामुळे डिटेक्टरचा आवाज मात्र नीट ऐकू येत नाही. ती काढून टाकता येते का, एवढं त्याला विचारून ठेवा.