एआय सिग्नल हवेतच, पण बस लेनच्या बदल्यात नकोत

सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, नातेवाईकांचा ग्रुप, पुण्यात सध्या सगळीकडे एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: 'सगळ्या चौकांत एआय सिग्नल (रांग बघून स्वतःच सेकंद बदलणारे) लावा, गाड्या थांबणारच नाहीत, प्रदूषण ३० टक्के कमी होईल, गूगलने करून दाखवलंय. चालणाऱ्यांनाही रस्ता ओलांडायला आपोआप वेळ मिळेल. बस लेन आणि रुंद फुटपाथवर पैसे घालवण्यापेक्षा सगळा पैसा सिग्नलमध्ये घाला.' मला सिग्नलचं तंत्रज्ञान मनापासून आवडतं आणि म्हणूनच हा मेसेज जास्त लागतो, कारण एका चांगल्या यंत्रणेचं नाव पुढे करून बसने जाणाऱ्यांच्या आणि चालणाऱ्यांच्या तोंडचा घास काढायचा चाललाय. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'गूगलने प्रदूषण ३० टक्के कमी केलं'

असं गूगल स्वतःही म्हणत नाही. त्यांच्या ग्रीन लाइट या सिग्नलचे सेकंद सुधारायच्या प्रकल्पाचे आकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये आले. त्यात गाड्या थांबण्याचं प्रमाण जास्तीत जास्त ३० टक्के आणि उत्सर्जन जास्तीत जास्त १० टक्के कमी होऊ शकेल असा अंदाज होता, तोही फक्त चौकापुरता, अख्ख्या शहराचा नाही. आपल्याकडे हा प्रकल्प कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबादमध्ये आला. आता टॉमटॉम या नकाशे आणि ट्रॅफिकचा डेटा देणाऱ्या कंपनीची २०२४ ची यादी बघा, १० किलोमीटर जायला जगात सगळ्यात जास्त वेळ लागणाऱ्या शहरांत कोलकाता दुसरं, बेंगळुरू तिसरं, आणि लगेच चौथं आपलं पुणे, ३३ मिनिटांच्या वर. याचा अर्थ प्रकल्प फेल गेला असा मी काढत नाही, तो नसता तर कदाचित अजून वाईट असतं, पण 'सिग्नल लावा आणि प्रश्न संपला' असं म्हणायला इथे काहीच आधार नाही.

आणि एक गोष्ट मेसेजमध्ये कुणी लिहितच नाही. ग्रीन लाइट नवीन खांब-कॅमेरे विकत नाही, गूगल मॅप्सच्या डेटावरून आहे त्याच सिग्नलचे सेकंद कुठे बदलायचे ते सुचवतो. म्हणजे उदाहरण स्वस्त उपायाचं द्यायचं आणि मागणी सगळं बजेट वळवायची करायची, हे जुळतच नाही.

'गाड्या थांबणारच नाहीत'

सिग्नल नवीन रस्ता तयार करत नाही हो, आहे तो वेळ वाटून देतो. एका बाजूला पाच सेकंद हिरवा वाढवला की ते पाच सेकंद दुसऱ्या कुणाचे तरी जातात. कॅमेऱ्याने किंवा सेन्सरने रांग मोजून सेकंद बदलणारी यंत्रणा खूप कामाची असते, पण कधी, तर एक बाजू रिकामी आणि दुसरी तुंबलेली असते तेव्हा, दुपारी, रात्री उशिरा, रविवारी. तिथे रिकाम्या रस्त्याला फुकट मिळणारा हिरवा ती वाचवते. संध्याकाळी सात वाजता चारही बाजू भरलेल्या असतात तेव्हा वाचवायला वेळ शिल्लकच नसतो, आणि पुढचा चौक तुंबला असेल तर हिरवा असूनही गाडी जाणार कुठे? पुण्यात स्मार्ट सिटीतून शंभराहून जास्त चौकांत अशी यंत्रणा बसवून झालीये, तरी संध्याकाळी आपण कुठे उभे असतो ते प्रत्येकाला माहितीये.

एकामागून एक चौकांत सलग हिरवा मिळणं मात्र खरं आहे, जंगली महाराज रोड आणि फर्ग्युसन रोडसारख्या वन-वे जोडीवर ते छान जमू शकतं. पण दोन्हीकडून वाहणाऱ्या रस्त्यावर चौकांमधली अंतरं कमीजास्त असतात, तिथे एका दिशेचं जुळवलं की उलट्या दिशेचं बिघडतं.

'बस लेन नको, पैसा सिग्नलवर घाला'

माझा खरा राग या मुद्द्यावर आहे, कारण या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीतच, एकीशिवाय दुसरी अर्धी आहे. बसला जीपीएस असतो, बस चौकाजवळ आली हे सिग्नलला कळू शकतं, मग तो हिरवा थोडे सेकंद लांबवतो किंवा लाल लवकर संपवतो, जगात कितीतरी शहरांत हे रोज होतं. पण बस स्टॉप लाइनपासून दोनशे मीटर मागे, कार आणि रिक्षांच्या रांगेत अडकलेली असेल तर ते वाढीव सेकंद तिच्या पुढच्या कारवाले घेऊन जाणार. बस पुढे यायला मोकळी लेन लागते. म्हणजे स्मार्ट सिग्नलचा सगळ्यात चांगला उपयोग करायचा असेल तर बस लेन आधी हवी, आणि मेसेज नेमकी तीच काढायला सांगतोय.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचं बघा. तिथल्या लोकांनी १९७३ मध्ये भुयारी रेल्वे मतदानात नाकारली आणि १९७७ मध्ये ट्राम-बसला वेगवान करायला २० कोटी फ्रँक मंजूर केले. त्यातून ट्रामला वेगळी जागा मिळाली, ट्राम येताना बघून बदलणारे सिग्नल आले, आणि शहराच्या कडेच्या सिग्नलवर गाड्या थोड्या अडवून आत मोजक्याच सोडायची पद्धत बसली. तंत्रज्ञान तेच, फक्त ते गाड्यांऐवजी माणसं मोजत होतं.

आपण २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखीव लेन, सुरू केली, देशात पहिल्यांदा, आणि नीट चालवण्याआधीच तिला नावं ठेवून मोकळे झालो, पुढे नगर रोडवरची तर उखडूनच टाकली. त्या लेनमध्ये घुसखोरी होते, स्टॉपपर्यंत जाणं अवघड, या तक्रारी खऱ्याच होत्या, पण घुसखोरी पकडायला कॅमेरे लावायचे की लेनच काढायची? भरलेल्या बसमध्ये पन्नास-साठ माणसं असतात, तेवढीच माणसं कारने निघाली तर किती लांब रांग होईल याचा विचार करा.

'गाड्या सुसाट गेल्या की हवा स्वच्छ'

थांबून परत निघताना इंजिन जास्त इंधन खातं, त्यामुळे थांबणं कमी झालं की धूर कमी, इथपर्यंत मान्य. पण रस्ता सुटसुटीत दिसायला लागला की आज कटकट नको म्हणून बसने किंवा मेट्रोने जाणारा माणूस उद्या गाडी काढतो, आणि थोड्याच काळात तो फायदा नवीन गाड्या खाऊन टाकतात. शिवाय चाकांनी उडणारी धूळ, टायर-ब्रेकची झीज, हे सिग्नलने जात नाही. कोथरूडच्या टेकडीवरच्या आपल्याच एआरएआयने, म्हणजे गाड्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेने, पुण्याच्या हवेचा अभ्यास केला तेव्हा पीएम १० मध्ये, म्हणजे हवेतल्या बारीक कणांमध्ये, रस्त्यावरच्या धुळीचा वाटा मोठा निघाला होता. ती धूळ कमी करायची तर गाड्यांच्या फेऱ्या कमी व्हायला हव्यात आणि रस्ते स्वच्छ हवेत.

फेऱ्या कमी करायलाही तंत्रज्ञानच वापरतात की. स्वीडनच्या स्टॉकहोमने २००६ मध्ये नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे लावून शहराच्या मध्यभागी येण्या-जाण्यावर शुल्क लावलं, आधी काही महिने ट्रायल, तेव्हा वाहतूक साधारण २० टक्के घटली, आणि २००७ पासून ते कायमचं झालं. सोबत बसही वाढवल्या होत्या, ते विसरायचं नाही, बस न वाढवता शुल्क लावलं तर ते लोकांना नुसतं छळणं होईल.

'चालणाऱ्यांना सिग्नलवर आपोआप वेळ मिळेल'

आपोआप काहीच मिळत नाही. यंत्रणेला गाड्यांची रांग मोजायला सांगितली तर ती गाड्यांचीच सोय बघणार, आणि सिग्नलचा पूर्ण फेरा लांबला की चालणाऱ्याची वाट बघण्याची वेळ पण लांबते, मग माणसं लाल असतानाच मध्ये घुसतात. सेकंदाला १.२ मीटर या चालीने २४ मीटर रुंद रस्ता ओलांडायला २० सेकंद लागतात, आणि काठी घेऊन चालणाऱ्या आजोबांना अजून जास्त. हे सेकंद आधीच बाजूला काढून ठेवावे लागतात, उरलेल्यात गाड्या.

तेव्हा मेसेज पाठवायचाच असेल तर मागणी अशी लिहा: आधी आहेत त्या सिग्नलचे सेकंद तपासून दुरुस्त करा. पीएमपीच्या (पुण्याच्या शहर बससेवेच्या) जास्त गर्दीच्या रूटवर बसला सिग्नलला प्राधान्य द्या आणि त्या चौकाच्या अलीकडे तरी बसला मोकळी लेन द्या. प्रत्येक चौकात चालणाऱ्यांसाठी ठरलेले सेकंद ठेवा. आणि दर महिन्याला त्या रूटवर बसला किती वेळ लागला आणि किती माणसं पोचली, हे आकडे पालिकेने सगळ्यांना दिसतील असे टाकावेत.