होथचा किल्ला आणि आमची ढेलज

आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. तालुक्यातली चार-पाच पोरं उसन्या कॅमेऱ्यावर एक भयपट करताहेत. जुना वाडा, वाटणीवरून तोंडं फिरवलेले तीन भाऊ, खाटेवर पडलेली आई. एवढंच कळलं आणि दोन तट पडले. पहिला तट म्हणतो, आधीच विदर्भ म्हटलं की लोकांना आत्महत्याच आठवतात, आता भुतंही दाखवा. दुसऱ्याला गाडगेबाबा आठवले. त्यांच्या मातीत अंधश्रद्धा पसरवता काय, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लावा! तो कायदा भूत उतरवतो म्हणून माणसाला साखळीने बांधून मारणाऱ्यांसाठी आहे, सिनेमासाठी नाही, हे कोण सांगणार? मी सांगितलं. लगेच उत्तर आलं, "तू डब्लिनात बसून आम्हाले शिकवू नको."

बरं. मग डब्लिनचंच सांगतो.

माझ्या घरून डार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, शेवटच्या स्टेशनावर उतरलं की होथचा किल्ला चालत गाठता येतो. १९६३ चा 'डिमेन्शिया १३' हा भयपट तिथे आणि जवळच्या ब्रे गावातल्या आर्डमोर स्टुडिओत झाला. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला, तेव्हा तेविशी-चोविशीतला. निर्माता रॉजर कॉर्मनच्या आधीच्या सिनेमातून उरलेले पैसे, वर थोडी जमवाजमव, सगळं मिळून चाळीसेक हजार डॉलर. नऊ वर्षांनी या पोराने 'गॉडफादर' केला. सिनेमा जुन्या हक्कांतून सुटलाय, यूट्यूबवर फुकट मिळतो, म्हणून ग्रुपवर लिंकच टाकली.

गोष्ट अशी. घरातला एक मुलगा रात्री होडीत हार्ट अटॅकने जातो. बायको प्रेत पाण्यात लोटते, नवरा तातडीच्या कामाला गेला असं पत्र टाइप करते आणि सासूच्या मृत्युपत्रात नाव लागावं म्हणून किल्ल्यात मुक्काम ठोकते. आमच्याकडे असती तर फेरफारासाठी तलाठ्याकडे खेटे घालत बसली असती. सासू दरवर्षी सगळ्यांना गोळा करून, लहानपणी बुडून गेलेल्या लेकीचा दिवस घालते. मग कुऱ्हाड चालते. आणि भूत? एकही नाही. मारणारा घरातलाच निघतो. अंधश्रद्धेची ओरड करणाऱ्यांनी निदान शेवटपर्यंत पाहायचं.

यावर इथल्या लोकांनी आमची बदनामी झाली म्हणून मोर्चा काढल्याचं मी तरी ऐकलं नाही. 'ड्रॅक्युला' लिहिणारा ब्रॅम स्टोकर १८४७ साली इथल्याच क्लॉनटार्फला जन्मला, तर त्याच्या नावाने ऑक्टोबरात उत्सव भरतो आणि ऑफिसातले मॅनेजर सुळे लावून फिरतात. १९९९ मध्ये इथल्याच क्लेअर परगण्यात पऱ्यांचं म्हणून एक काटेरी झुडूप हायवेच्या आड आलं, तर तेही वाचवलं. यांना कुणी मागास म्हणत नाही. (घरचं पटलं नाही की मी हटकून इथलं काढतो, असं बायको म्हणते. काढतो.)

खरं तर किल्ल्यापेक्षा आमचा वऱ्हाडातला वाडा या कामाला सरस आहे. ढेलजेत, म्हणजे दारातल्या ओसरीत, दिवसाही अंधार. अंगणात जमिनीखाली ज्वारीचं पेव. ते उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा माणूस मारते, हे आम्हाला चालायला लागल्यापासून बजावलेलं. आणि माजघर. भाव वाढेल म्हणून तिथे कापूस आढ्यापर्यंत भरलेला. आत शिरलं की पाय गुडघ्यापर्यंत रुततो, बाहेरून आई हाक मारतेय ते ऐकू येत नाही, आणि रात्रभर अंग खाजतं. घरात माणसांना झोपायला जागा नाही, पण कापसाला खोली. याहून भीतीचं काय दाखवणार? ग्रुपवरच्यांना भुताचं काहीच नाही. पडद्यावर आपल्याच घरची वाटणी दिसेल, याची धास्ती आहे.

होथचा किल्ला आठशेहून जास्त वर्षं एकाच घराण्याकडे होता. २०१९ मध्ये त्यांनी विकला. बातमी वाचून मला वाईट वाटलं. कुणाचा किल्ला, कुणाला वाईट! आमचा वाडा मात्र कुणी विकत नाहीये. चुलतभाऊ तो पाडून स्लॅब टाकणार आहे. कवेलू गळतात, माकडं नाचून फोडतात, आणि पावसाळ्यात टोपली घेऊन रात्रभर जागणारा तो आहे, मी नाही. हक्कसोडीचा कागद त्याने कधीच पाठवलाय. मी सही करत नाही. हिस्सा नको आहे मला, खरंच नको. पण ग्रामपंचायतीच्या नमुना आठवरून, घराच्या नोंदीतून, नाव गेलं, तर त्या गावात मी कोण? पाहुणा. पोरांनी शूटिंग आमच्याच वाड्यात करावं असा माझा आग्रह आहे, तोही सिनेमाच्या प्रेमापोटी नाही. पाडण्याआधी तो कुठेतरी उरावा, एवढंच.

भावाला कळवलं, शूटिंग होऊ दे, मग सही देतो. त्याने लिंक पाहिली असेल असं वाटलं नव्हतं. रात्री त्याचा निरोप आला, "पाह्यला मी थो पिच्चर. थे सून अन् तू सारखेच. कागदावर नाव पाह्यजे फक्त."

मी लिहिलं, ती निदान येऊन राहिली तरी होती. त्यावर त्याने विचारलं, मग पोरांना कोणत्या तारखेपासून वाडा द्यायचा. त्याला दिवाळीआधी पाया खणायचाय.