खुलासा : घबराटीच्या गोळ्या ‘आजच बंद करा’ म्हणणारा संदेश

इंदूरच्या रामबाग, नारायण बाग भागातल्या मराठी गटांवर फिरतंय : ‘अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामची सवय लागते, आजच फेकून द्या.’ सवय लागू शकते, हे खरं. पण रोज घेणाऱ्यानं एकदम थांबवलं तर झोप उडते, हात थरथरतात, घबराट दुपटीनं परतते. क्वचित फिटचे झटकेही येतात. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात, कधी आठवडे, कधी महिने. दारू किंवा कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाबरोबर या गोळ्या घेतल्यास श्वास मंदावतो. खरा धोका हा, आणि संदेशात नेमका तोच नाही! अल्प्राझोलाम शेड्यूल एच१मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये. शेजारच्या काकूंची उरलेली पट्टी तर नकोच. शंका असल्यास टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) : १४४१६, मोफत.