इंग्रजी अमदानीवरचा विनोदी चित्रपट कसा पाहावा

इंग्रजी अमदानीतली एखादी विनोदी कथा पडद्यावर येऊन परभणी-नांदेडपर्यंत पोचली, तर ती पाहण्याची रीत मराठवाड्यातल्या सुज्ञ प्रेक्षकांना सांगून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

थिएटरात शिरण्यापूर्वी आजोबांना विसरावे. त्यांच्या आठवणीत गोरा कलेक्टर नसतो. असतो तो निजामाचा अव्वल तालुकदार आणि त्याच्या कचेरीतला उर्दू कारभार. नायक साहेबाच्या खिशातून चांदीचा रुपया लांबवतो तेव्हा मोकळ्या मनाने टाळ्या वाजवाव्यात. तो रुपया इंग्रजांचा कलदार होता की निजामाचा हाली, याची चौकशी करू नये. सहा कलदारांना सात हाली मोजावे लागत, ही माहिती शेजारच्या माणसाला दिल्यास तो खुर्ची बदलतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. शेवटी १५ ऑगस्ट १९४७ उजाडतो आणि पडद्यावर तिरंगा फडकतो. आपल्याकडे त्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावे लागले, म्हणजे मधले तेरा महिने आपण पोटात ठेवावेत. पटकथेत त्यांना जागा नाही.

साहेब ‘टुम’ म्हणाला की हसावे. तो दर वेळी म्हणतो, तेव्हा दर वेळी हसावे. इतका बावळट माणूस दीडशे-पावणेदोनशे वर्षे राज्य कसा करू शकला, हा प्रश्न मध्यंतरात चहाबरोबर गिळून टाकावा. त्याला झुकून सलाम करणारा, त्याच्याच नावाने रयतेकडून दुप्पट वसूल करणारा देशी अंमलदार हा खरा विनोदाचा विषय होता; परंतु त्याचे नातू तिकीट काढून पुढच्या रांगेत बसण्याचा संभव असल्यामुळे लेखकाने त्याला एका प्रसंगात उरकलेले असते, आणि हा व्यवहारीपणा आपणही समजून घेतला पाहिजे.

आता अभिप्रायाविषयी. चित्रपट पाहून मत देणाऱ्याला मोठे कष्ट पडतात, म्हणून झलक पाहूनच भावना दुखावून घ्याव्यात. त्यासाठी साधनेही साहेबानेच तयार ठेवली आहेत. नाटकांना आवर घालणारा कायदा त्याने १८७६ साली केला, कीचकात लॉर्ड कर्झन दिसू लागल्यावर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९१० साली बंद पाडले, आणि धार्मिक भावनांच्या रक्षणासाठी १९२७ साली दंड संहितेत घातलेले २९५-अ हे कलम आज न्याय संहितेत २९९ या आकड्याखाली सुखरूप नांदत आहे. तेव्हा साहेबाची टिंगल करणाऱ्या चित्रपटावर साहेबाच्याच कलमाने बंदी मागण्यात संकोच कसला? निवेदन तहसीलदारांपर्यंत पोचेतो शुक्रवार उजाडतो आणि चित्रपट उतरतो, एवढीच काय ती अडचण. निवेदनाची प्रत मात्र जपून ठेवावी. चित्रपटाचे नाव बदलले की तोच मजकूर पुढच्यालाही चालतो.