नळ आला, पण पाणीवाल्याचा पगार कुणी द्यायचा?

गावाकडच्या कुठल्याही पुढाऱ्याला पाण्याबद्दल विचारा, तो टाकी दाखवतो. किती लिटरची, किती कोटींची, कुणाच्या अथक प्रयत्नांतून झाली, सगळं कोनशिलेवर कोरलेलंच असतं. त्या टाकीचा व्हॉल्व्ह रोज पहाटे कोण फिरवतं आणि त्याला महिन्याला काय मिळतं, एवढं विचारून बघा. लगेच चहा मागवला जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडं योजना बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. आणि चालवायचा पैसा पाणी पिणाऱ्यांनीच द्यायचा असतो, हे मतदाराला तोंडावर सांगायची कुणाची तयारी नाही.

गावातल्या प्रत्येक घरात नळ द्यायचं जलजीवन मिशन जाहीर झालं २०१९ च्या १५ ऑगस्टला. तेव्हा देशाच्या ग्रामीण भागात सव्वातीन कोटींच्या आसपास घरांत नळ होता. आता तो आकडा पंधरा कोटींच्या पुढं गेलाय. ज्यांच्या आयांनी डोक्यावर हंडे वाहिले, त्यांनी तरी या कामाची टिंगल करू नये. २०२४ ची मुदत होती, ती २०२८ पर्यंत वाढवली, तेही ठीक. पण माणशी ५५ लिटर रोज द्यायचं म्हणजे रोज मोटार चालली पाहिजे. नदीवर १० एचपीची मोटार धरा. साडेसात किलोवॅट. चार तास चालली की ३० युनिट, महिन्याला ९००. पाडवा असो की पोळा, हे बिल येतंच. पाणीपट्टी मात्र निवडणुकीच्या वर्षी कुणी मागत नाही, आणि आपल्याकडं दर वर्षी कसली ना कसली निवडणूक असतेच.

बिल थकलं तर काय होतं? २०२२ च्या जुलैत मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत दूषित पाण्यानं माणसं दगावली. वीजबिल थकल्यामुळं नळयोजनेची वीज तोडली होती आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते, असं तेव्हा बातम्यांत आलं. म्हणजे योजना होती, मोटारही होती. चार दिवस हळहळ झाली आणि आपण पुढच्या बातमीकडं वळलो.

आता आमच्या गावच्या पाणीवाल्याबद्दल. सगळे त्याला आप्पाच म्हणतात. कागदावर तो जलसुरक्षकही आहे, म्हणजे पाणी सोडायचं, त्यात औषध टाकायचं, नमुने घ्यायचे, सगळं त्याच्याच अंगावर. टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकणं हे दिसतं तेवढं सोपं काम नाही. हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. पावडर तशीच टाकीत उधळायची नसते. बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं आणि निदान अर्धा तास थांबून मग व्हॉल्व्ह सोडायचा. त्यानंतर शेवटच्या आळीतल्या नळाचं पाणी नळीत धरून ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन पोचलंय. पोतं उघडं राहिलं, खोलीत ओल असली, की पावडरीतलं क्लोरीन उडून जातं. ताज्या पावडरीत ते तेहतीस टक्क्यांच्या आसपास असतं. वीसच्या खाली गेलं की ती वापरण्यात अर्थ नाही.

आप्पाच्या खोलीतलं पोतं सताड उघडं होतं. म्हटलं, "आप्पा, तोंड तरी बांधा की याचं."

"डबा मागितलाय झाकणाचा. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणत्यात आधी बिल आणा. बिल आणाया पैसं कुणाचं घालू? आन् पावडर टाकली की बाया भांडाया येत्यात, पाण्याला वास मारतोय म्हणून. न्हाई टाकली तर कोण इचारत न्हाई."

आप्पाचा पगार वेळेवर होत नाही हे वेगळं सांगायला नको. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या पगारातला काही हिस्सा सरकार देतं, पण त्याला करवसुलीची अट. ती अट काढा म्हणून कर्मचारी संघटना मोर्चे काढत आल्यात. माडीवाल्यानं पट्टी थकवायची आणि पगार आप्पाचा कापायचा! बरं, हाच माडीवाला मोटार लावून नळाचं पाणी ओढतो आणि पाइपनं गाडी धुतो.

शहरवाल्यांनी हसू नये. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे, रुग्ण एकामागून एक सापडायला लागले. पुणे परिसरात मिळून संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. ही गावं महापालिकेत आली ती २०१७ आणि २०२१ च्या हद्दवाढीत. कर आला, टॉवर आले, पण नांदेडच्या विहिरीतून जाणारं पाणी गाळून नव्हे, तर नुसतं क्लोरीन मारून दिलं जात होतं. लोकांनी आरओचे जार आणले, तर काही खासगी आरओ प्लांटच्या पाण्यातही जंतू निघाले.

इथं एक गोष्ट लोकांना फारशी माहीत नसते. पाणी दोन तास येतं आणि बावीस तास पाइप रिकामी असते. पाइप भरलेली असताना गळती असली तर पाणी बाहेर जातं. रिकामी झाली की त्याच भोकातून बाहेरचं आत येतं, आणि बाहेर बहुतेक ठिकाणी गटार असतं. त्यात घराघरात नळाला मोटार. म्हणजे आपण स्वतः ते ओढून घेतो.

म्हणून चोवीस तास पाणी म्हणजे श्रीमंती चोचले, हे मला मान्य नाही. आमच्याच जिल्ह्यात, कराडला खेटून असलेलं मलकापूर बघा. २००८ मध्ये ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आणि पुढच्या काळात कोयनेचं पाणी चोवीस तास, घरोघरी मीटर, आणि वापर वाढेल तसा चढत जाणारा दर. लोकांना वाटलं नळ चोवीस तास सुरू म्हणजे नदी आटेल. वापर उलट कमी झाला. कारण आपल्या घरातलंच बघा ना. सकाळी नळ आला की कालचं "शिळं" पाणी मोरीत ओततो आणि पिंप परत भरतो. नळ कधीही सोडला तरी पाणी येतंय म्हटल्यावर साठवायचं कशाला आणि ओतायचं कशाला?

मीटर म्हटलं की कुणीतरी खासगीकरणाचं नाव काढतंच. नागपूरनं २०१२ मध्ये शहराचं पाणी चालवायला खासगी कंपनीला दिलं, त्यावरून आजही वाद होतात, ते व्हायलाच हवेत. पण मलकापूरचं काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि नगरपंचायतीचं. मीटर सरकारीही असतो. मोजायलाच नको, असं सगळ्यात जास्त कोण म्हणतं ते बघा. ज्याची बाग मोठी तो. शेवटच्या आळीतल्या म्हातारीला मीटर परवडतो, कारण तिला दोन कळशाच लागतात आणि आज ती पट्टी माडीवाल्याएवढीच भरते.

आणि आलेलं पाणी जाणार कुठं? माणशी ५५ लिटर, पाच माणसांचं घर, २७५ लिटर. त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी धरतात, म्हणजे एका घराचं २२० लिटर, रोज. योजनेच्या भूमिपूजनात हा शब्द कुणी उच्चारत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी (हे मराठवाड्यातलं नांदेड, वर आलं ते पुण्याचं) घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारं आणि डास दोन्ही कमी केले, त्याला नावच पडलं नांदेड पॅटर्न. खड्डा काही फार खर्चाचा नसतो, दगड-विटा आणि एक सिमेंटची टाकी. पण तोही अधूनमधून साफ करावा लागतो, आणि घोडं तिथंच अडतं.

संडासाच्या टाकीचं तर विचारूच नका. तुंबून वर येईपर्यंत आपल्याला ती आठवत नाही. मग मैला उपसणारी गाडी येते, मैला घेऊन जाते आणि कुठल्या ओढ्यात सोडते ते कुणी विचारत नाही. वाईनं हे बदललं. नगरपालिकेनं ठरवून टाकलं की दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी उपसायची, तुंबो न तुंबो. त्यासाठी कर लावला, काम ठेकेदाराला दिलं, पैसे काम झाल्यावर, आणि मैला गावाबाहेरच्या प्रक्रिया प्रकल्पात. नाशिककडं सिन्नरनंही हाच रस्ता धरला. कृष्णेच्या घाटावर मेणवलीला फिरायला जाणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, कारण उपसलेल्या टाकीसोबत सेल्फी कोण काढणार?

वित्त आयोगाचा पैसा येत नाही असंही नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. आमच्याकडं त्यातनं स्वागत कमानीशेजारी पेव्हर ब्लॉक बसले. स्वच्छतेत बसतात म्हणे.

मीटरचा विषय आमच्या ग्रामसभेत निघाला की लोक उठून जातात आणि सभा कोरमअभावी तहकूब होते. पण तहकूब सभेला कोरम लागत नाही. पुढच्या खेपेला बसून राहायचं ठरवलंय. आप्पाला झाकणाचा डबा, ओटीची नोंदवही बघायला, आणि पाणीपट्टीच्या थकबाकीदारांची यादी बोर्डावर, एवढंच मागणार आहे. यादीत वरच्या दहात निम्मी नावं आमच्याच भावकीतली निघतील. ते भांडण मग घरी.