मेंदूभोवती भिंत आहे, पण तिला दारं आहेत

सध्या एक मजकूर खूप फिरतोय. त्यात म्हटलंय की प्रदूषणाचा त्रास फुफ्फुसांना होतो, मेंदूला नाही, कारण मेंदूभोवती निसर्गानेच संरक्षक भिंत घातली आहे. थोड्या प्रमाणाने काही बिघडत नाही, आत गेलेलं शरीर बाहेर टाकतं आणि बाकीचे प्रयोग काय, उंदरांवरचे. वाचून बरं वाटतं, म्हणून लोक पुढे पाठवतात. पण घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर या दिलाशावर विसंबणं धोक्याचं आहे.

"भिंत आहे, आत काही जात नाही." भिंत आहे, हे खरं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की रक्तातले बरेचसे पदार्थ त्यांच्यामधून झिरपू शकत नाहीत. पण मेंदूला ग्लुकोज आणि अमिनो आम्लं लागतातच. ती आत नेण्यासाठी या पेशींवर वाहक प्रथिनं असतात, आणि घात तिथेच होतो. मिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचं संयुग सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतं. ही जोडी मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते, त्यामुळे त्याचा वाहक तिलाही आत घेतो. भिंत कुठे फुटलेली नसते. तिचं रोजचं काम चालू असतानाच पारा आत पोचतो. तिथे तो चेतापेशींच्या सांगाड्यातल्या सूक्ष्मनलिका मोडतो. गर्भाच्या मेंदूत पेशींचं विभाजन आणि आपापल्या जागी सरकणं याच नलिकांवर अवलंबून असतं.

जपानमधल्या मिनामातात हे माणसांच्या बाबतीत घडलं. चिस्सो कंपनीच्या कारखान्याचं सांडपाणी उपसागरात जात होतं, त्यातला पारा माशांत साठत होता. मासे खाणारी मांजरं झटके येऊन मरू लागली. १९५६ मध्ये माणसांमधल्या आजाराची अधिकृत नोंद झाली. स्वतःला फारशी लक्षणं नसलेल्या आयांच्या पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली बाळं जन्मली, कारण हे संयुग वारेतून, म्हणजे प्लासेंटातूनही, गर्भापर्यंत जातं.

शिवाय नाकाची वाट आहेच. वास ओळखणाऱ्या चेतापेशींची टोकं नाकात थेट हवेला लागलेली असतात आणि त्यांचे तंतू मेंदूत शिरतात. २००४ मध्ये कार्बनचे अतिसूक्ष्म कण हुंगलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या गंधकेंद्रात ते कण सापडले. २०१६ मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरमधल्या माणसांच्या मेंदूत मॅग्नेटाइट या लोहाच्या संयुगाचे गोलसर कण आढळले. असा आकार प्रचंड उष्णतेत, म्हणजे ज्वलनात तयार होतो. त्यांनी आजार होतोच असं यावरून म्हणता येत नाही, पण "आत जात नाही" हे विधान तेवढ्यानेच पडतं.

"थोडं चालतं." शिशाच्या बाबतीत तरी नाही. शिशाचा आयन कॅल्शियमची जागा बळकावतो, आणि एका चेतापेशीने दुसरीला संदेश द्यायचा तर कॅल्शियमच लागतो. शिकण्यासाठी आणि स्मरणासाठी महत्त्वाचे असलेले एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे चेतापेशींवरची संदेश पकडणारी प्रथिनं, तीही शिसं अडवतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत मुलांच्या दर डेसिलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं चालवून घेतलं जायचं. २०२१ मध्ये हा आकडा ३.५ वर आला, आणि तीही सुरक्षित मर्यादा नव्हे, फक्त लक्ष घालण्याची पातळी. सुरक्षित म्हणावी अशी पातळी ज्ञात नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. त्यातही, २००५ च्या एका एकत्रित विश्लेषणात दर मायक्रोग्रॅममागे बुद्ध्यांकातली घट कमी पातळीवरच जास्त दिसली.

"प्रयोग उंदरांवरचे आहेत." मिनामातातली बाळं उंदीर नव्हती. आणि कॅल्शियमवर चालणारी संदेशांची यंत्रणा उंदरात आणि माणसात मुळात एकच आहे.

"शरीर बाहेर टाकतं." रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडांत ते दशकानुदशकं राहतं आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरतं. मेलेल्या चेतापेशींची भरपाई बहुतांशी होतच नाही. शिसं बाहेर काढणारं औषध मुलांना देऊन पाहिलं गेलं. २००१ मध्ये निष्कर्ष आले. रक्तातलं शिसं कमी झालं, बौद्धिक चाचण्यांतले गुण काही सुधारले नाहीत. फरक पडला तो पेट्रोल आणि रंगांतून शिसं काढून टाकल्यावर: अमेरिकेतल्या लहान मुलांच्या रक्तातली सर्वसाधारण पातळी १९७० च्या दशकाअखेर १५ मायक्रोग्रॅमच्या आसपास होती, ती आता एकच्या आत आहे.