सोप्पं कर्नाळा

डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "रोज थोडं चालत जा." हिनं त्याचा अर्थ काढला, "रविवारी कर्नाळ्याला जाऊ." पायवाट सोपी, डोक्यावर झाडी, दोन तासांचं काम, दुपारी जेवायला घरी. आमच्या घरात 'दोन तासांचं काम' असं कुणी म्हटलं की पुढचे चार दिवस गेले समजायचं.

हिनं 'सोप्पं कर्नाळा' नावाचा ग्रुप काढला. सकाळी त्यात आम्ही दोघंच होतो. संध्याकाळपर्यंत आई, दादा, वहिनी, भावोजी, ताई, भाचा आणि भाच्याचा एक मित्र, ज्याला आम्ही कुणीच कधी पाहिलं नव्हतं, असे नऊ जण झालो.

पहिला वाद वाटेवरून. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात दोन निसर्गवाटा आहेत, हरियाल आणि मोरटाका. हरियाल छोटी, मोरटाका लांबलचक. भावोजींना मोरटाका हवी होती, कारण "नावातच मोर आहे". वहिनींना हरियाल, कारण तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी, तेवढंच मुलांचं जनरल नॉलेज वाढेल. मुलं म्हणजे आमचा भाचा, वय एकवीस. दादाला या दोन्हींत रस नव्हता, त्याला वरचा किल्ला आणि तो अंगठ्यासारखा सुळका खुणावत होता. "आलोच आहोत तर," असं त्यानं लिहिलं तेव्हा अजून कुणी डोंबिवलीही सोडली नव्हती. सुळक्यावर आग्यामोहोळं असतात हे कळल्यावर ताईनं सगळ्यांना अत्तरबंदी जाहीर केली. शेवटी आईच्या उजव्या गुडघ्यानं निकाल दिला. हरियाल.

दुसरा वाद वेळेवरून. पक्षी बघायचे तर उजाडताना पोचायला हवं, म्हणून भावोजी साडेचारला निघायचं म्हणत होते. दूधवाला साडेसहाला येतो, असं वहिनी म्हणत होत्या. सहा ठरले. थर्मासचं झाकण सापडायला आठ वाजून दहा मिनिटं झाली. पळस्पे फाट्यावर वडे झाले. पुढे शिरढोण लागलं आणि दादानं गाडी थांबवायला लावली, कारण १८४५ साली वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म झाला तो इथे, आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. "आलोच आहोत तर!" आम्ही अभयारण्याच्या दारात पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते आणि पक्षी आपापली कामं उरकून सावलीला गेले होते.

दारात पिशव्या उघडायला सांगितल्या. आत जाणारं प्लास्टिक मोजून लिहून घेतात, अनामत ठेवून घेतात, आणि परत येताना तेवढंच दाखवलं की पैसे परत. पद्धत उत्तमच. पण तिची गाठ माझ्या आईशी पडेल असं ती काढणाऱ्याला वाटलं नसणार. आई कुठलाही पदार्थ दुसऱ्या पदार्थाला लागू देत नाही. चौकीदारदादांनी एकेक बाहेर काढायला सुरुवात केली. दशम्यांची पिशवी. शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी. मिरचीच्या चटणीची पिशवी. कोथिंबीरवडीची पिशवी, आणि ती तेलकट म्हणून तिला बाहेरून दुसरी. मेतकूट. "मेतकूट कशाला?" ताईनं विचारलं. "भात मिळाला तर," आई म्हणाली. अभयारण्यात. मागे रांग लांबत होती. चौकीदारदादा जिभेनं बोट ओलं करून पिशव्या सुट्या करत होते, अगदी बँकेतल्या कॅशियरसारखे. शेवटी त्यांनी आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. सतरा.

आत मात्र झकास होतं. सुकलेल्या पानांचा आवाज, मधूनच गार वाऱ्याची झुळूक. हायवेवरचे ट्रक इतके जवळ असून अर्ध्या मिनिटात ऐकू येईनासे झाले. भावोजी आवाजावरून पक्षी ओळखत होते. दहा मिनिटांत त्यांच्या वहीत पाच पक्षी झाले होते. तेवढ्यात दुर्बीण घेतलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "काका, तो एकच आहे. भृंगराज. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो." फांदीवर खरंच एक काळा पक्षी बसला होता, शेपटीच्या दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला चवऱ्या. भावोजींनी वही मिटली आणि कोथिंबीरवडी मागितली.

आम्ही पाव वाट चाललो असू. मग आई बसली, मग सगळेच बसले, मग डबे उघडले, आणि मग साहजिकच आम्ही परत फिरलो.

दारात मोजणी झाली. सोळा.

"एक कमी आहे," चौकीदारदादा म्हणाले. तासाभरापूर्वी वहिनींनी एका अनोळखी कुटुंबाला कचऱ्यावरून सुनावलं होतं. आता त्याच कुटुंबासमोर आम्ही उभे होतो. अनामत गेली खड्ड्यात, पण अब्रू? आईला बाकावर बसवून आम्ही आठ जण परत आत गेलो. या वेळी कुणी दमलं नाही, कुणी बसलं नाही. माना खाली घालून, पाचोळा उलथत, आम्ही अख्खी हरियाल वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पालथी घातली. भाच्याच्या मित्राला कुणाचं तरी बटण सापडलं. पक्षी बहुधा बरेच असावेत. वर बघायला वेळ कुणाला होता?

घामाघूम होऊन परत आलो तर आई चौकीदारदादांशी त्यांच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोलत होती.

"नाही सापडली," मी म्हणालो.

"कुठली? दशम्यांची?" आईनं कमरेची चंची सैल केली आणि आतून चौकोनी घडी घातलेली पिशवी काढली. "ही माझ्याजवळ आहे की. चांगली जाड आहे, परत लागते." मग घडी उलगडून तिनं उरलेली दशमी चौकीदारदादांपुढे केली. "घ्या हो, सकाळपासून मोजताय."

त्यांनी दशमी घेतली, पिशवी घेतली नाही. सोळा खोडून सतरा लिहिलं.